पॉवर्ड स्पीकर चालूच होत नाही: सॉकेटपासून सुरू होणारी तपासणी

पॉवर्ड स्पीकर म्हणजे ज्याच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा पॉवर सप्लाय बसवलेला असतो असा स्पीकर. तो ‘चालू होत नाही’ या एका तक्रारीमागे निरनिराळी लक्षणे असू शकतात, आणि नेमके कोणते लक्षण आहे हे न पाहता केलेली तपासणी बहुधा चुकीच्या टोकापासून सुरू होते. म्हणून हत्यारे हातात घेण्यापूर्वी पाच मिनिटे केवळ निरीक्षणासाठी द्यावीत.

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे स्पीकर पूर्णपणे निर्जीव असणे: दिवा लागत नाही, स्विच दाबल्यावर आतून ‘थप्’ असा बारीक आवाज येत नाही आणि कोनला कान लावला तरी सूक्ष्म खरखर ऐकू येत नाही. दुसरे लक्षण म्हणजे दिवा क्षणभर लुकलुकतो, विझतो, पुन्हा लुकलुकतो आणि त्या तालावर आतून टिक-टिक ऐकू येते. तिसऱ्या प्रकारात स्पीकर सुरू होतो खरा, पण काही मिनिटांत बंद पडतो आणि थंड झाल्यावरच परत चालतो. चौथा प्रकार याच्या नेमका उलट आहे: थंड असताना स्विच चार-पाच वेळा मागेपुढे करावा लागतो किंवा प्लग लावून बराच वेळ थांबावे लागते, आणि एकदा सुरू झाला की दिवसभर तक्रार नसते. पाचव्या प्रकारात स्विच दाबताच फ्यूज उडतो किंवा घरातला एमसीबी (जादा प्रवाह गेल्यावर आपोआप पडणारा स्विच) पडतो. सहाव्या प्रकारात वायर हलवली की स्पीकर चालतो, सोडली की बंद होतो.

दिवा व्यवस्थित लागला आहे पण आवाज नाही, हे लक्षण मी मुद्दाम या यादीबाहेर ठेवत आहे. त्यात वीज आतपर्यंत पोहोचलेली असते. दोष सिग्नलच्या वायरमध्ये, इनपुटच्या निवडीत, म्यूटमध्ये किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या संरक्षण सर्किटमध्ये असतो आणि त्याची तपासणी वेगळ्या दिशेने जाते.

यानंतर स्वतःलाच एक प्रश्न विचारावा: स्पीकर बंद कसा पडला? चालू असताना अचानक, काल ठीक होता आणि आज लागलाच नाही, वीज जाऊन परत आल्यावर, की हलवाहलव झाल्यावर? या एका उत्तराने निम्मी वाट आखली जाते. हलवल्यानंतर बंद पडलेल्या स्पीकरमध्ये मी आधी वायर, सॉकेट आणि सोल्डरचे जोड पाहतो. वीज परत आल्यानंतर बंद पडलेल्यात फ्यूज आणि जादा व्होल्टेजपासून वाचवणारा भाग पाहतो. कित्येक दिवस कुरकुर करत शेवटी बंद पडलेल्यात सुकलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असण्याची शक्यता सर्वांत मोठी असते.

पुढची सगळी तपासणी एकाच नियमाने चालते. वीज भिंतीतून निघते, वायरमधून येते, पेटीच्या मागच्या सॉकेटमध्ये शिरते, फ्यूज आणि स्विच ओलांडते आणि मग पॉवर सप्लायच्या बोर्डावर पोहोचते. याच क्रमाने एकेक टप्पा पाहावा आणि मधला टप्पा गाळू नये. फ्यूजपर्यंतचा प्रत्येक टप्पा पेटी न उघडता तपासता येतो, आणि माझ्याकडे आलेल्या ‘मेलेल्या’ स्पीकरांपैकी कितीतरी स्पीकर पेटीचा एकही स्क्रू न काढता चालू झालेले आहेत.

भिंतीतले सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोर्ड

स्पीकर एक्स्टेन्शन बोर्डावर असेल तर तो तिथून काढून थेट भिंतीतल्या, खात्रीने चालणाऱ्या सॉकेटमध्ये लावावा. सॉकेट चालते की नाही हे मोबाइलच्या चार्जरने ठरवू नये, कारण चार्जर फार थोडी वीज घेतो आणि अर्धवट टेकलेल्या संपर्कावरही चालतो. साधा टेबल लॅम्प किंवा त्याहून जास्त वीज घेणारे एखादे उपकरण लावून पाहावे.

येथे निऑन टेस्टरबद्दल सांगणे आवश्यक आहे, कारण त्याच्यामुळे अनेकांचे तासन्‌तास वाया जातात. टेस्टरचा दिवा लागला याचा अर्थ त्या भोकात फेज आहे, एवढाच होतो. न्यूट्रल तुटलेला असेल तरी टेस्टर तितक्याच तेजाने लागतो आणि उपकरण मात्र चालत नाही, कारण प्रवाहाला परतीची वाटच नसते. म्हणून ‘टेस्टर लागतोय, म्हणजे लाइट आहे’ हा निष्कर्ष अपुरा आहे. दिवा लावून केलेली चाचणी फेज आणि न्यूट्रल दोन्हींची साक्ष देते.

एक्स्टेन्शन बोर्डाच्या आत पितळी पट्ट्या असतात आणि त्या वर्षानुवर्षे प्लग काढून-घालून सैल होतात. प्लग बसल्यासारखा वाटतो, पण तो सहज डुलत असेल किंवा त्याच्या पिनांवर काळे डाग असतील, तर तेथे ठिणग्या पडत आहेत असे समजून तो बोर्ड बाजूला काढावा. डाग घासून पुसणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण एकदा तापून नरम पडलेली पट्टी पुन्हा पूर्वीसारखी घट्ट पकडत नाही.

पॉवर कॉर्ड

बहुतेक पॉवर्ड स्पीकरांना सुटी करता येणारी कॉर्ड असते. मोठ्या पेट्यांना डेस्कटॉप संगणकाला लागते तशी तीन पिनांची आणि लहान पेट्यांना इंग्रजी आठच्या आकाराची दोन पिनांची कॉर्ड असते. तीन पिनांची कॉर्ड पेटीत पूर्ण खोलवर दाबावी लागते. ती दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहिली तरी वरून बसलेली दिसते आणि आत मात्र टेकत नाही, आणि स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवलेला असला की वळलेल्या वायरच्या ताणाने ती हळूहळू बाहेर सरकते. कार्यक्रमांसाठी वापरल्या जाणाऱ्या काही मोठ्या स्पीकरांना फिरवून अडकवण्याचा कनेक्टर असतो. तो नुसता खुपसून चालत नाही, खटका बसेपर्यंत फिरवावा लागतो.

खात्रीची चाचणी म्हणजे त्याच प्रकारची, दुसऱ्या उपकरणावर चालत असलेली कॉर्ड लावून पाहणे. मल्टिमीटर असेल तर कॉर्ड दोन्ही बाजूंनी काढून घ्यावी, मीटर कंटिन्युइटीवर (वाट अखंड असेल तर बीप देणाऱ्या निवडीवर) ठेवावा आणि प्लगची प्रत्येक पिन दुसऱ्या टोकाच्या तिच्या भोकाशी जोडलेली आहे का ते पाहावे. हे करताना कॉर्ड दोन्ही टोकांजवळ वाकवत राहावे. आतल्या तांब्याच्या तारा तुटतात त्या बहुधा प्लगच्या मानेपाशीच, आणि सरळ ठेवलेली कॉर्ड बीप देते तीच वाकवल्यावर गप्प होते. अशी कॉर्ड टेप गुंडाळून वापरू नये, फेकून द्यावी. अर्थची पिन तपासायलाही विसरू नये. हम (सततची घुमणारी गुणगुण) येतो म्हणून अर्थची पिन तोडलेली किंवा आतून सुटी केलेली कॉर्ड मला अनेकदा दिसते. अशा कॉर्डवर स्पीकर चालतो, पण आतला एखादा फेज धातूच्या मागच्या पत्र्याला टेकला तर तो पत्रा हात लावणाऱ्यासाठी जिवंत होतो.

कॉर्ड बदलल्यावरही ती हलवली की स्पीकर चालत आणि बंद पडत असेल, तर दोष पेटीवरच्या सॉकेटचा आहे. त्या सॉकेटच्या पिना काही पेट्यांत थेट बोर्डावर सोल्डर केलेल्या असतात आणि कॉर्ड ओढली-ढकलली गेली की सगळा जोर त्या सोल्डरवर येतो. हे काम आतले आहे. ते पुढे येईल.

स्विच, स्टँडबाय आणि दोन पेट्यांमधली वायर

अनेक स्पीकरांना दोन स्विच असतात: मागे मुख्य स्विच आणि समोर किंवा रिमोटवर स्टँडबायचे बटण. मागचा बंद असेल तर समोरचे कितीही दाबले तरी उपयोग नसतो, आणि साफसफाई करताना मागचा स्विच नकळत दाबला जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. काही लहान डेस्कटॉप स्पीकरांत आवाजाच्या बटणाचेच पहिले वळण स्विचचे काम करते.

त्यानंतर स्वयंचलित स्टँडबायचा विचार करावा. युरोपीय संघाच्या नियमांमुळे २०१३ पासून डिस्प्ले नसलेल्या घरगुती उपकरणांना स्टँडबायमध्ये अर्ध्या वॅटहून जास्त वीज घेता येत नाही, आणि ही उपकरणे जगभर विकली जात असल्याने सिग्नल नसेल तर काही मिनिटांनी आपोआप झोपणारे स्पीकर आज सर्वत्र आहेत. असा स्पीकर पुन्हा जागा होण्यासाठी इनपुटवर ठरावीक पातळीच्या वरचा सिग्नल यावा लागतो. फोन किंवा संगणकाचा आवाज कमी ठेवून सारे काम स्पीकरच्या बटणावर करणाऱ्यांचा स्पीकर त्यामुळे जागाच होत नाही. अशा वेळी उगमाचा आवाज जवळजवळ पूर्ण करावा, स्पीकरचा अगदी कमी ठेवावा आणि संगीत सुरू करून अर्धा मिनिट थांबावे. मागे ‘ऑटो’ आणि ‘ऑन’ अशी निवड असेल तर ‘ऑन’वर ठेवून पाहणे त्याहून सोपे.

दोन किंवा तीन पेट्यांच्या संचात पॉवर सप्लाय एकाच पेटीत असतो, आणि आवाजाचे व चालू-बंदचे बटण कधीकधी दुसऱ्या पेटीत किंवा वायरला जोडलेल्या छोट्या डबीत असते. ही डबी अनेक पिनांच्या कनेक्टरने जोडलेली असते. त्यातली एक पिन वाकली किंवा कनेक्टर अर्धवट बसला तरी संपूर्ण संच निर्जीव वाटतो, कारण ‘चालू हो’ हा संदेशच पोहोचत नाही. कनेक्टर काढून पिना प्रकाशात पाहाव्यात आणि तो सरळ दाबून बसवावा.

या टप्प्यावर आणखी एक गोष्ट फुकट करता येते. स्पीकर प्लगवरून काढावा आणि पंधरा-वीस मिनिटे तसाच ठेवावा. वीज लुकलुकल्यावर काही पॉवर सप्लायची संरक्षण यंत्रणा अडकून राहते आणि आतले कपॅसिटर रिकामे होईपर्यंत ती सुटत नाही. स्विच पटापट मागेपुढे केल्याने तेवढा वेळ मिळतच नाही.

व्होल्टेज निवडण्याचा स्विच

हा सर्व पेट्यांना नसतो. पण असेल तर त्यावर ११५ आणि २३० असे आकडे असतात, आणि तो आपल्या पुरवठ्याशी जुळतो का हे फ्यूजला हात लावण्यापूर्वी पाहावे. २३० वर ठेवलेल्या पेटीला ११५ व्होल्ट दिले तर ती नुसती सुरू होत नाही किंवा अशक्तपणे चालते. उलट ११५ वर ठेवलेल्या पेटीला २३० व्होल्ट दिले तर नुकसान होते. स्विचिंग पॉवर सप्लायमध्ये (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी वीज अतिवेगाने तोडून-जोडून व्होल्टेज बदलणाऱ्या सप्लायमध्ये) ११५ ची निवड आत व्होल्टेज दुप्पट करणारी जोडणी करते, आणि तिला २३० मिळाले की जेमतेम २०० व्होल्ट सोसणाऱ्या प्रत्येक कपॅसिटरवर त्याच्या दीडपटीहून अधिक व्होल्टेज येते. अशा प्रसंगानंतर मोठा आवाज किंवा वास आला असेल तर तपासणी येथेच थांबवावी.

फ्यूज, आणि तो काय सांगतो

पुष्कळ पेट्यांत कॉर्डच्या सॉकेटखालीच फ्यूजचे लहान ड्रॉवर असते. कॉर्ड पूर्णपणे काढावी आणि मगच छोट्या पेचकसाने ते बाहेर ओढावे. काही ड्रॉवरमध्ये दोन फ्यूज सापडतात. त्यातला एक कामाचा आणि दुसरा बहुधा सुटा, जादाचा असतो.

फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून निकाल देऊ नये. काचेचा फ्यूज वरून अखंड दिसतो आणि त्याच्या टोकाच्या टोपीखाली तार सुटलेली असते. सिरॅमिक फ्यूजमध्ये तर काहीच दिसत नाही. तो होल्डरमधून काढून मीटरने तपासावा. जागेवर ठेवून तपासला तर भोवतालच्या सर्किटमुळे फसवे वाचन मिळू शकते.

उडालेला फ्यूज मात्र डोळ्यांनी अवश्य पाहावा, कारण तो साक्षीदार आहे. काच स्वच्छ आहे आणि तार मधोमध वितळून तुटली आहे, असे असेल तर फ्यूज म्हातारा झाला असेल किंवा थोडा काळ थोडा जास्त प्रवाह गेला असेल. प्रत्येक वेळी स्पीकर सुरू होताना आतले मोठे कपॅसिटर भरण्यासाठी काही मिलिसेकंद नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचला जातो आणि वर्षानुवर्षांच्या या धक्क्यांनी तार थकते. पण काच आतून काळी झाली असेल किंवा तिच्यावर चांदीसारखा चकाकता थर बसला असेल, तर तार वितळली नसून तिची वाफ झालेली आहे. आत थेट शॉर्ट असल्याशिवाय असे होत नाही. अशा पेटीत नवा फ्यूज टाकणे म्हणजे तो जाळणे आणि शॉर्ट झालेल्या भागाच्या शेजाऱ्यांनाही आणखी एक फटका देणे होय.

नवा फ्यूज घेताना त्याच्या टोपीवरची सगळी अक्षरे जुळवावीत, केवळ अँपिअर नव्हे. समजा जुन्यावर ‘टी ३.१५ ए एल २५० व्ही’ असे आहे. ‘टी’ म्हणजे सावकाश उडणारा. त्याच्या जागी ‘एफ’, म्हणजे चटकन उडणारा, बसवला तर वर सांगितलेल्या सुरुवातीच्या प्रवाहानेच तो उडेल आणि चांगल्या स्पीकरमध्ये बिघाड आहे असा भास होईल. ‘एल’ आणि ‘एच’ ही अक्षरे फ्यूज किती मोठा शॉर्टचा प्रवाह सुरक्षितपणे तोडू शकतो ते सांगतात. ‘एच’ प्रकार १५०० अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकतो, तर ‘एल’ प्रकाराची हमी ३५ अँपिअर किंवा स्वतःच्या क्षमतेच्या दहापट, यांतले जे जास्त असेल तेवढीच असते. त्यामुळे ‘एच’च्या जागी ‘एल’ कधीही चालत नाही.

योग्य फ्यूज एकदा बदलून पाहण्यास माझी हरकत नाही, मात्र काच स्वच्छ असेल तरच. तोही उडाला तर तिसरा आणू नये. जास्त अँपिअरचा फ्यूज, तांब्याची तार किंवा चमकीचा कागद गुंडाळणे याविषयी मला अत्यंत कळकळीने सांगायचे आहे: मी पाहिलेल्या जळालेल्या बोर्डांपैकी ज्यांची दुरुस्ती अशक्य झाली होती, त्यांतल्या अनेकांच्या फ्यूजच्या जागी अशी तार होती. दोषी भाग एखादाच असतो. आग लावते ती तार.

पेटी न उघडता घ्यायचे शेवटचे माप

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांच्यासाठी ही चाचणी फार मोलाची आहे, आणि ती करताना स्पीकर विजेपासून पूर्णपणे अलग असावा लागतो. कॉर्ड पेटीतून काढून दहा मिनिटे थांबावे, पेटीचा मुख्य स्विच ‘चालू’ ठेवावा आणि पेटीच्या सॉकेटमधल्या फेज व न्यूट्रल या दोन पिनांमध्ये रोध मोजावा.

जुन्या पद्धतीचा, जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेला सप्लाय असेल तर काही ओहमपासून काही दशक ओहमपर्यंत वाचन यावे. मोठ्या गोल ट्रान्सफॉर्मरचे वाचन इतके कमी असते की कंटिन्युइटीचा बझर वाजतो. तो शॉर्ट नव्हे. म्हणून येथे बझरवर न जाता ओहमचा आकडा वाचावा. चांगल्या फ्यूजसह वाचन अजिबात येत नसेल, तर स्विच किंवा ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत दडवलेला थर्मल फ्यूज तुटलेला असण्याची शक्यता असते. हा थर्मल फ्यूज ठरावीक तापमानाला एकदाच तुटतो आणि थंड झाल्यावर परत जुळत नाही.

स्विचिंग सप्लाय असेल तर शेकडो किलोओहम किंवा त्याहून जास्त वाचन अपेक्षित आहे, कारण मीटरच्या अल्प व्होल्टेजला आतला ब्रिज रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) वाट देत नाही आणि दिसतो तो केवळ फिल्टरच्या कपॅसिटरवरचा रिकामा करणारा रेझिस्टर. स्विच चालू-बंद करताना आकडा बदलला तर फ्यूज आणि स्विच ठीक आहेत असे मानता येते. येथे शून्याजवळचे वाचन आले तर शॉर्ट निश्चित आहे आणि कॉर्ड पुन्हा लावू नये.

अर्थची पिन आणि मागचा धातूचा पत्रा यांच्यात जवळजवळ शून्य ओहम यावेत, तर अर्थ आणि फेज किंवा न्यूट्रल यांच्यात वाचन येता कामा नये.

ही सर्व मापे वाचून ‘म्हणजे माझ्या स्पीकरचे बरोबर की चूक?’ असा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तम उत्तर बहुतेकांच्या घरातच असते. स्पीकर बहुधा जोडीने घेतलेले असतात. दोन्ही पेट्यांत स्वतंत्र पॉवर सप्लाय असेल तर चालणाऱ्या पेटीवर हीच मापे याच क्रमाने घ्यावीत आणि दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. निरोगी जुळ्या भावाइतका चांगला सर्किटचा नकाशा दुसरा नाही.

अ‍ॅडॉप्टरवर आणि बॅटरीवर चालणारे स्पीकर

यांची गोष्ट थोडक्यात संपते. अ‍ॅडॉप्टरचे व्होल्टेज, अँपिअर, डीसी की एसी आणि पिनेची पोलॅरिटी स्पीकरवर छापलेल्या माहितीशी जुळते का ते पाहावे. दिसायला सारखी पिन असलेला दुसऱ्याच उपकरणाचा अ‍ॅडॉप्टर लागलेला असणे हे येथले पहिले कारण असते. मीटरवर रिकाम्या अ‍ॅडॉप्टरचे व्होल्टेज बरोबर आले तरी तो चांगला आहे असे सिद्ध होत नाही, कारण थकलेला अ‍ॅडॉप्टर भार येताच कोसळतो. बॅटरीचा स्पीकर महिनोन्‌महिने पडून राहिला असेल तर बॅटरी इतकी उतरलेली असते की चार्जर लावल्यावरही तो लगेच प्रतिसाद देत नाही. काही तास चार्जवर ठेवून पाहावे. लिथियम बॅटरी फुगलेली दिसली किंवा पेटी एका बाजूने उचलली गेल्यासारखी वाटली, तर ती चार्जलाही लावू नये.

येथे थांबावे

वरच्या कुठल्याही टप्प्यात दोष सापडला नाही, तर तो पेटीच्या आत, बहुधा पॉवर सप्लायच्या बोर्डावर आहे, आणि स्विचिंग सप्लायच्या दुरुस्तीचा अनुभव नसेल तर पेटी उघडू नये. हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. २३० व्होल्ट एसीचे रेक्टिफायरनंतर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. चालणाऱ्या सप्लायमध्ये प्लग काढल्यावर हा साठा सर्किटच वापरून टाकते. बंद पडलेल्या सप्लायमध्ये तो वापरणारे कोणी नसते, म्हणून तो कितीतरी जास्त वेळ तसाच राहतो. म्हणजे जी पेटी सर्वांत निर्जीव दिसते, तीच उघडल्यावर सर्वांत धोकादायक असू शकते. शिवाय काही सप्लायमध्ये उष्णता काढून घेणारा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंकही मुख्य विजेच्या संपर्कात असतो, आणि तो दिसायला निरुपद्रवी असतो.

पुढील परिस्थितीत तर पहिल्या टप्प्यालाच थांबून तंत्रज्ञाकडे जावे: जळका वास किंवा धूर आला असेल, पेटीत पाणी गेले असेल, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या असतील, एमसीबी पडत असेल, किंवा दुसरा फ्यूजही उडाला असेल. एमसीबी न पडता गळतीचा प्रवाह ओळखणारा ब्रेकर पडत असेल तर ते स्वतंत्रपणे सांगावे. त्यात विजेला जमिनीकडे वाट मिळालेली असते, आणि शोध इन्सुलेशनच्या दिशेने जातो.

तंत्रज्ञ आत काय पाहतो

हे माहीत असावे ते स्वतः करण्यासाठी नव्हे, तर काय दुरुस्त केले आणि का, हे विचारता यावे यासाठी.

टिक-टिक करणारा किंवा थंडीत अडखळणारा सप्लाय आला की मी आधी एका लहानशा कपॅसिटरकडे जातो. सप्लाय चालवणाऱ्या आयसीला (चिपला) सुरुवातीचा थोडासा प्रवाह मोठ्या रोधाच्या रेझिस्टरमधून मिळतो आणि तो या कपॅसिटरमध्ये साठतो. पुरेसा साठला की आयसी जागी होते आणि पुढे ट्रान्सफॉर्मरच्या जादा गुंडाळीतून स्वतःला वीज मिळवते. कपॅसिटर सुकला असेल तर हा साठा गुंडाळीतून वीज येण्याआधीच संपतो, आयसी झोपते, पुन्हा साठा होतो, पुन्हा प्रयत्न होतो. तीच ती टिक-टिक. थंड असताना सुकलेल्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध आणखी वाढतो, म्हणून असा स्पीकर थंडीत अडतो आणि तापल्यावर चालतो. रेझिस्टरच तुटला असेल तर टिक-टिकही होत नाही. पेटी संपूर्ण शांत असते आणि फ्यूज मात्र शाबूत असतो. ढोबळ नियम असा की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की निम्मे होते. स्टँडबायमध्ये ठेवलेल्या स्पीकरचा हा कोपरा चोवीस तास कोमट असतो, त्यामुळे फारसा न वाजलेला स्पीकरही याच दोषाने येतो.

टिक-टिकचे दुसरे कारण म्हणजे पलीकडे अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा आयसी शॉर्ट असणे. सप्लाय निरोगी असतो, तो केवळ शॉर्टला वीज देण्यास नकार देत असतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड अलग करून सप्लाय एकटा चालतो का, हे न पाहता सप्लाय बदलणाऱ्याचे निदान अर्धवट असते.

काळा पडलेला फ्यूज असेल तर ब्रिज रेक्टिफायर, मुख्य मॉसफेट (वीज तोडणारा-जोडणारा ट्रान्झिस्टर) आणि जादा व्होल्टेज शोषणारा व्हॅरिस्टर पाहिले जातात. तीन फेजच्या वितरणात न्यूट्रल तुटला की एका फेजवरचे व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेने चढू शकते. अशा वेळी व्हॅरिस्टर स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि पुढचा बोर्ड वाचवतो. त्या व्हॅरिस्टरच्या जागी नवा बसवला गेला का, हे आवर्जून विचारावे. तो कापून टाकला तरी स्पीकर चालतो, आणि पुढच्या वेळी संपूर्ण सप्लाय जातो.

हलवल्याने येणारा दोष पॉवर्ड स्पीकरच्या जन्मातच आहे. इथे सर्किट ज्या पेटीत राहते तीच पेटी थरथरते. जड कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या पायांभोवतीच्या सोल्डरला त्यामुळे गोल, केसासारखी चीर पडते. भिंगाखाली ती लगेच दिसते आणि जुने सोल्डर काढून नवे भरले की काम होते. हे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला काही प्रकारचा गोंद उष्णतेने पिवळ्याचा तपकिरी होतो, वीज वाहू लागतो आणि शेजारच्या रेझिस्टरांचे पाय खातो. तो खरवडून काढल्याशिवाय केलेली दुरुस्ती टिकत नाही.

यांपैकी कोणताही भाग बदलल्यावर पेटी थेट सॉकेटला न लावता आधी सिरीज बल्बमधून चालू केली जाते. जुना तारेचा बल्ब पुरवठ्याच्या मार्गात जोडलेला असतो. आत शॉर्ट उरला असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि नवे भाग वाचतात, शॉर्ट नसेल तर तो क्षणभर चमकून मंद होतो.

पेटी नेताना तिची स्वतःची कॉर्ड, उडालेला मूळ फ्यूज आणि घेतलेल्या मापांचा कागद सोबत द्यावा, आणि दोन पेट्यांचा संच असेल तर दुसरी पेटी व मधली वायरही न्यावी. दुरुस्त होऊन आल्यावर पहिला तास मध्यम आवाजात, समोर बसून वाजवावा. नंतर स्पीकर बंद करून प्लग भिंतीतून काढावा आणि दोन्ही टोकांचे कनेक्टर हाताने चाचपून पाहावेत: कोमट चालेल, पण बोट ठेववत नसेल इतके गरम असतील तर तो संपर्क अजून सैल आहे.